कोंड्याची वाटी

सकाळी परसातल्या संडासाचं दार करकरलं की कुसुमच्या पोटात ढवळायला लागायचं. आता येणार, तिला कळायचं. आणि ते यायचेच. पंच्याला हात पुसत चिंतामणी बेहेरे स्वयंपाकघराच्या दारात उभे राहायचे आणि मुलाचा बोर्डात नंबर आल्यासारख्या आवाजात नवऱ्याच्या हक्कानं सांगायचे, "आज काय साफ झाली म्हणून सांगू!"

"नका सांगू," कुसुम म्हणायची.

सांगायचेच. रंग सांगायचे, घट्ट की सैल ते सांगायचे, किती जोर करावा लागला तेसुद्धा सांगायचे. इकडे ही बाई पोह्यांना फोडणी देत्येय आणि तिकडे हा माणूस हातवारे करून आकार दाखवतोय. शी! माणूस रिटायर झाला म्हणून त्याची लाजही रिटायर व्हावी का? कुसुम पदर नाकाला लावायची. फोडणीचा ठसका लागला असं त्यांना वाटायचं.

चिंतामणींचा सगळा जन्म रत्नागिरीच्या पाणीपुरवठ्यात सुपरवायझर म्हणून गेला होता. कुठली लाइन कुठे वळते, कुठे गाळ बसतो, कुठे सांधा गळतो हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. त्यामुळे माणसाकडे बघितलं तरी त्यांना पाइपच दिसायचा. "तोंडापासून खालपर्यंत एकच लाइन आहे, कुसुम," ते म्हणायचे. "लाइन साफ, तर माणूस साफ. बाकी सगळं वरचं प्लास्टर!"

आणि एकदा डोक्यात घेतलं की घेतलं. पाचेक वर्षांपूर्वी शिवांबूचं खूळ होतं. तांब्याच्या भांड्यात स्वतःचं धरायचं आणि नाक न दाबता प्यायचं. कुसुमनंही प्यावं म्हणून आग्रह. कुसुमनं भांडं हातात घेतलं, "हो हो, घेत्ये," म्हणाली आणि परसात जाऊन जास्वंदीच्या मुळाशी ओतलं. ती जास्वंद अशी काही फुलली की शेजारणी देवाला फुलं मागायला यायच्या, आणि कुसुमला ना हो म्हणता यायचं ना नाही.

त्याच्याही आधी विहीर झाली होती. अंगणातली विहीर जांभ्यातली, भिंतीला शेवाळं, नेचे, अधूनमधून बेडूक. चिंतामणींना ते बघवेना. त्यांनी ती उपसून घेतली आणि वरपासून तळापर्यंत आतून सिमेंटचा गिलावा करून घेतला, अगदी गुळगुळीत. गल्लीतली माणसं बघायला आली. फाल्गुनात त्या विहिरीनं तळ दाखवला, जन्मात कधी दाखवला नव्हता तो. पाणी येणार कुठून? जांभ्यातून जे पाझरायचं ते सगळं ह्यांनी लिंपून टाकलेलं. पुढे तीन ठिकाणी गिलावा फोडला तेव्हा पुन्हा पाणी आलं. चिंतामणी म्हणाले, त्या वर्षी पाऊसच कमी होता.

कुसुम काहीच बोलली नाही. ती कधीच काही बोलायची नाही. "हो हो" म्हणायचं आणि मागच्या दारानं आपलं तेच करायचं, ही तिची लग्नापासूनची रीत. तिला वाटायचं, असंच संसार टिकतात.

तर ह्या खेपेला कोंडा आला. मुलगा श्याम मुंबईला नोकरीला. तो गणपतीत येताना फुटपाथवरून एक जुनं इंग्रजी मासिक घेऊन आला, गाडीत वाचायला म्हणून. ते त्यानं इथेच टाकलं आणि वडिलांनी उचललं. त्यात लिहिलं होतं की आफ्रिकेतल्या खेड्यांत माणसं चोथ्याचं खातात आणि त्यांना पोटाचे रोग म्हणून होत नाहीत. पोट कसं धडधडत साफ होतं. झालं! चिंतामणी त्याच दुपारी गिरणीत गेले आणि गव्हाच्या कोंड्याचं पोतं खांद्यावर घेऊन आले.

"आजपासून निम्मी कणीक, निम्मा कोंडा," त्यांनी जाहीर केलं.

कुसुमनं पोत्याचं तोंड उघडलं. आत जाळी धरलेली. खवट वास असा भपकन आला की तिनं मान फिरवली. बोटानं जरा चाळवलं तर एक पांढरी अळी वळवळत वर आली.

"अहो, यात अळ्या आहेत!"

"असू देत की. प्रोटीन आहे ते."

जळ्ळं मेलं ते प्रोटीन! कुसुमनं त्या दिवशी कोंडा घालून पोळ्या केल्या खऱ्या. पण पहिला घास तोंडात घातला आणि तो खालीच उतरेना. घोळवा किती, चावा किती, तोंडात लाकडाचा भुसा भरल्यासारखं. तिनं तो घास पदरात काढून घेतला. दुसऱ्या दिवसापासून तिनं आपल्या रीतीनं मार्ग काढला. कोंडा वेगळ्या डब्यात काढायचा आणि गोठ्यात गाईच्या आंबोणात घालायला तुळसाकडे द्यायचा. तुळसा म्हणजे धार काढायला येणारी बाई. आणि कणकेत मूठभर जाडा रवा खरपूस भाजून मिसळायचा. दिसायला थेट कोंडा, दाताखाली खरखरीत, आणि चवीला खमंग.

"वा!" चिंतामणी पोळी चावत म्हणायचे. "कसा दाताला लागतोय बघ. उगाच नावं ठेवत होतीस."

"चुकलंच माझं," कुसुम म्हणायची.

तुळसाला हसू आवरायचं नाही. "वैनी, गाय काय गुटगुटीत झालीय वो," ती कानाशी येऊन सांगायची. "तुमच्या मालकांचा कोंडा तिला लय मानवला."

इथवर सगळं हसण्यावारी होतं. चिंतामणी सकाळी ओटीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला कोंड्याचं माहात्म्य सांगायचे. पोस्टमन सुटला नाही, पेपरवाला सुटला नाही. "मलाच बघा की. पुरावा मी इथे बसलोय जिवंत! दोन महिने कोंडा खातोय, एक दिवस खाडा नाही." आणि कुसुम आतून ऐकायची, आणि तिला किळसही यायची आणि गंमतही वाटायची, आणि दोन्हींच्या मध्ये तिचा दिवस पार पडायचा.

मार्गशीर्षात सुमेधा बाळंतपणाला माहेरी आली. सासर देवरूखचं, जावई तिथे कॉलेजात क्लार्क. पहिलटकरीण, सातवा महिना. एस्टीतून उतरली तेव्हाच कुसुमनं पुढे होऊन तिच्या हातातली पिशवी घेतली. पोट तेवढं पुढे आणि बाकी पोरगी पांढरीफटक. ओठाला रंग नाही, नखाला रंग नाही. चार पावलं चालली की धापा टाकत्येय.

रत्नागिरीतल्या ज्या डॉक्टरीणबाईकडे नाव घातलं होतं, तिनं डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली आणि रक्त तपासायला लावलं. रक्त आठवर. "फार कमी आहे," ती म्हणाली. "लोहाच्या गोळ्या देत्ये. रोज एक, चुकवायची नाही. बाळंतपणापर्यंत रक्त चढायलाच हवं. आधीच एवढंसं, त्यात थोडं जास्त गेलं तर पोरगी हाती लागायची नाही." असं तोंडावर सांगितलं तिनं. कुसुमला ते वाक्य घरी येईपर्यंत ऐकू येत राहिलं.

कुसुमनं कंबर कसली. अळिवाचे लाडू केले, खजूर आणला, लाल माठाची भाजी रोज. पण गोळीनं वेगळाच घोळ घातला. गोळी घेतली की सुमेधाला उमासे यायचे, आणि पोट असं धरून बसायचं की दोन-तीन दिवस काही होईचना. बिचारी संडासात जाऊन रडकुंडीला यायची.

आणि हे कळल्यावर तिच्या बापाचा चेहरा कसा उजळला म्हणता!

"लाइन चोकअप झाल्येय," चिंतामणी म्हणाले. "लोखंड आहे ते, जड. ढकलायला खालून-वरून काही नको? सुमे, तुझं मी बघतो. तुझ्या आईला यातलं काही कळत नाही."

त्यांनी सुमेधासाठी कोंड्याचा वेगळा डबा केला आणि तो आपल्या खोलीत नेऊन ठेवला, कारण कुसुमच्या हाताला शिस्त नाही. झोपायच्या आधी वाटीभर कोंडा ताकात भिजत घालायचे. पहाटे उठून बघावं तर तो फुगून लिबलिबीत झालेला, वर आंबूस फेस आलेला. मग ती लोहाची गोळी खलात कुटून त्यात मिसळायचे, म्हणजे पोरीला गोळीची चव लागू नये. त्या लगद्याचा रंग काय व्हायचा! गटाराच्या कडेला साचतं ना, तसा. वास आंबट, खवट आणि गंजलेल्या खिळ्यांचा, सगळे एकत्र. कुसुमला दाराशी उभं राहून उमासा यायचा. आणि सुमेधा ती वाटी हातात घ्यायची, डोळे मिटायची आणि चमच्या-चमच्यानं संपवायची.

कुसुमनं तेव्हाच वाटी हिसकावून फेकायला हवी होती. मनात आलंही होतं. पण तिनं काय बघितलं, तर हा माणूस, ज्यानं जन्मात कधी पाण्याचा पेला स्वतः भरून घेतला नाही, तो पहाटे थंडीचा उठून लेकीसाठी खल कुटतोय. कानाला मफलर, धोतराचा सोगा वर खोचलेला, आणि आवाज होऊ नये म्हणून खलाखाली फडकं. तिला भरून आलं. आणि शिवाय सुमेधाचं पोट साफ व्हायला लागलं होतं, हे काही खोटं नव्हतं. मग तिनं तोंड मिटून घेतलं. जळो ते मिटणं!

आता सकाळची चौकशी दुहेरी झाली. "सुमे, झाली का? कशी झाली? रंग?"

सुमेधा शरमेनं अर्धी व्हायची. पहिल्यांदा तिनं हळूच सांगितलं, "काळी होत्येय बाबा."

"काळी?" चिंतामणींनी मांडीवर थाप मारली. "ऐकलंस का गो? काळी! वर्षानुवर्षं साठलेली घाण बाहेर पडत्येय. कोंडा खरवडून काढतोय सगळं. देवरूखचं सगळं निघू दे!"

त्यापुढे काळी म्हटलं की ते खूश. डोहाळजेवणाला जावई आले तर पाटावर बसलेल्या जावयाला, पानात वाढलेलं अळूचं फदफदं समोर असताना, हा माणूस विचारतो, "तुमचं कसं काय? साफ होते ना?" जावयानं भाताचा घास तसाच हातात धरला. बायका तोंडाला पदर लावून आत पळाल्या. कुसुमला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. जावई बिचारे साधे. "होते हो," म्हणाले आणि मग त्या फदफद्याला त्यांनी हातही लावला नाही.

एवढं सगळं गिळत होती, पण सुमेधाला रंग काही चढेना. उलट पाय सुजले. जिना चढून माडीवर गेली की भिंतीला टेकून उभी राहायची, डोळ्यांपुढे काजवे चमकतात म्हणायची. "एवढं खात्येस, अंगाला का लागत नाही गो?" कुसुम तिच्या पायाला तेल चोळत विचारायची. अळिवाचे लाडू अर्धे राहिले होते. वाटीनंतर पोटात जागाच राहत नाही, सुमेधा म्हणायची.

पौषात पुन्हा रक्त तपासलं. आठ होतं ते चढायचं सोडून साडेसातावर आलं होतं.

डॉक्टरीणबाई खुर्चीत पुढे सरकली. "गोळ्या घेतेस ना?"

"रोज," सुमेधा म्हणाली.

"मग जातात कुठे? कशाबरोबर घेतेस?"

चिंतामणींनी खाकरून घसा साफ केला. हाच प्रश्न कोणीतरी विचारावा म्हणून ते इतके दिवस वाट बघत होते. त्यांनी कोंड्यापासून सगळं सांगितलं. मासिक सांगितलं, आफ्रिका सांगितली, ताक, खल, लगदा. शेवटी रंगही सांगितला. कुसुम खाली फरशीकडे बघत राहिली.

डॉक्टरीणबाईनं पेन खाली ठेवलं. "काका, गोळी घेतली की काळी होतेच, ती घाण नव्हे. आणि कोंडा वाईट नाही, पण गोळीबरोबर? कोंड्यात असं एक द्रव्य असतं की ते लोहाला पकडून बसतं. सोडतच नाही. ते लोह मग रक्तात जात नाही, कोंड्याच्या गळ्यात गळा घालून तसंच्या तसं बाहेर पडतं. ताकानं त्यात आणखी भर. तुम्ही रोज पहाटे उठून गोळी कुटताय आणि संडासात टाकताय."

"पण पोट साफ होतंय," चिंतामणी म्हणाले.

"पोट साफ होतंय, पोरगी रिकामी राहत्येय! अन्न नुसतं पुढे सरकून काय उपयोग? आतड्याच्या भिंतीतून रक्तात झिरपायला हवं ना?"

"झिरपायला?" पस्तीस वर्षं पाणीपुरवठ्यात काढलेल्या माणसाच्या कपाळावर आठी पडली. "लाइनमधून झिरपणं म्हणजे गळती हो, बाई."

डॉक्टरीणबाईनं पुन्हा पेन उचललं. कुसुमला मात्र एकदम विहीर दिसली. गुळगुळीत, स्वच्छ, गिलावा केलेली, कोरडी. आणि आपली पोरगी त्या विहिरीच्या जागी.

"हे बघा," डॉक्टरीणबाई शेवटी म्हणाली. "गोळी सकाळी रिकाम्या पोटी, लिंबाच्या पाण्याबरोबर किंवा आवळ्याच्या रसाबरोबर. कोंडा, चहा, ताक त्याच्या आसपासही नको. पोट जड झालं तर संध्याकाळी फळं खा, भाजी खा, पाणी प्या. आता हातात थोडेच दिवस आहेत. रक्त नाही चढलं तर मी हिला इथे हात लावणार नाही. कोल्हापूरला न्यावं लागेल, रक्ताची सोय आधी करून. आणि कळा मध्येच सुरू झाल्या आंबा घाटात, तर देवाची प्रार्थना करा."

रिक्षात बसल्यावर चिंतामणींनी औषधाची चिठ्ठी दोनदा वाचली आणि खिशात ठेवली. कुसुमला वाटलं, समजलं. ती मनात देवाला साखर ठेवणार एवढ्यात ते म्हणाले, "कालची पोर. पुस्तकं वाचून शिकवत्येय मला."

"अहो..."

"मी स्वतः खातोय ना चार महिने! निम्मा कोंडा पोळीत! माझं रक्त कमी झालंय? मी पांढरा पडलोय? हा बघ." त्यांनी दंड पुढे केला. "प्रमाण कमी पडतंय, दुसरं काही नाही. उद्यापासून दोन वाट्या."

सुमेधानं रिक्षाबाहेर मान फिरवली आणि डोळे मिटून घेतले. ती काही बोलली नाही. बापासमोर ती कधीच काही बोलायची नाही. कुसुमनं तिच्याकडे बघितलं. हे मिटलेलं तोंड कोणाचं, हे तिला लख्ख कळलं.

घरी आल्यावर तिनं पोळ्या लाटायला घेतल्या. परातीत भाजलेला रवा पडला आणि तिचा हात थांबला. केवढी हुशार समजत होती ती स्वतःला! नवऱ्याला चार महिने खमंग पोळी खाऊ घातली, त्याचं पोट जपलं, शब्दानं शब्द वाढू दिला नाही. आणि तोच रवा खाऊन तो माणूस ओटीवर बसून 'मी पुरावा' म्हणतोय, आणि त्या पुराव्याच्या जोरावर पोरीच्या घशात लगदा ओततोय. हा पुरावा केला कोणी? तिनंच की! कोंड्याची किळस आली नव्हती एवढी तिला त्या घडीला स्वतःची आली. तिनं परात तशीच बाजूला सारली. त्या दिवशी सगळ्यांनी भात खाल्ला.

सकाळी ती नेहमीपेक्षा लवकर उठली, पण चिंतामणी आधीच उठलेले. टेबलावर दोन वाट्या. फेस आलेला, लगदा वर फुगलेला, गोळीची भुकटी मिसळून काळपट झालेला. एक माशी एका वाटीच्या कडेवर बसलेली. चिंतामणींनी ती हातानं हाकलली आणि हाक मारली, "सुमे, ये गो!"

सुमेधा पोटावर हात धरून आली, खुर्चीत बसली, आणि वाटी ओढून घेतली.

"थांब," कुसुम म्हणाली.

तिनं एक वाटी उचलली आणि नवऱ्यासमोर ठेवली. "ही तुम्ही खा."

"मी पोळीत खातो."

"आज वाटीत खा. लेक खात्येय, बापानं खाल्ला तर काय बिघडलं? चार महिने सवय आहे ना तुम्हाला?"

"त्यात काय!" चिंतामणी म्हणाले. गोळीचं त्यांना काही वाटलं नाही, एका गोळीनं काय होणार. त्यांनी चमचा भरला आणि ऐटीत तोंडात घातला.

कुसुम त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. पहिल्यांदा जबडा हलला. मग थांबला. मग भुवया वर गेल्या. त्यांनी गिळायचा प्रयत्न केला, घशाची गाठ वर गेली आणि खाली येईना. डोळ्यांत पाणी आलं. आणि मग ते उठले, तोंडावर हात दाबून मोरीकडे धावले. ओकारीचा आवाज स्वयंपाकघरभर झाला. एरवी कुसुमला त्या आवाजानं मळमळलं असतं. आज तिनं कान देऊन ऐकला.

ते परत आले तेव्हा मिशीला लगदा लागलेला होता. "बिघडलाय हा. खवट झालाय. सुमे, खाऊ नको, हा डबाच..."

"बिघडलेला नाही," कुसुम म्हणाली. "असाच लागतो कोंडा. पहिल्या दिवसापासून."

"काहीतरीच! मी खातो तो..."

"तुम्ही कोंडा खाल्लेलाच नाही. तो पहिला दिवस सोडला तर एक दाणा नाही. रवा खाताय तुम्ही. भाजलेला रवा. कोंडा गाईनं खाल्ला." तिचा आवाज चढला होता, आणि तिला तो खाली आणायचा नव्हता. "पुरावा बघायचा असेल तर गोठ्यात जाऊन बघा. ती आहे जिवंत पुरावा!"

चिंतामणी खाली बसले. तिच्याकडे बघितलं, मग पोळ्यांच्या डब्याकडे.

"चार महिने फसवलंस मला?"

"हो. आणि शिवांबूही नव्हतं घेतलं. जास्वंदीला घातलं. आणि विहिरीच्या वर्षी पाऊस भरपूर होता! तुम्ही पाझर लिंपलात म्हणून ती आटली. तेव्हाच बोलायला हवं होतं मी. प्रत्येक वेळी गप्प बसले. ती माझी चूक. पण आता माझी पोर आटत्येय डोळ्यांदेखत, आता नाही गप्प बसणार. झिरपल्याशिवाय काही भरत नाही हो. ना विहीर, ना माणूस!"

गोठ्यात तुळसाची बादली वाजली. चिंतामणींनी मिशी पुसली, बोटाला लागलेला लगदा बघितला, त्याचा वास घेतला आणि तोंड फिरवलं. मग त्यांची नजर सुमेधापुढच्या वाटीवर गेली.

"सुमे," ते म्हणाले, आणि आवाज एकदम लहान झाला. "हे तू रोज खात होतीस?"

"हो बाबा."

"उलटी येत नव्हती?"

"यायची. दाबून धरायची मी."

"अगो, मग बोलली का नाहीस?"

सुमेधानं आईकडे बघितलं आणि मग वाटीकडे. "तुम्ही पहाटे उठून करत होतात ना," ती म्हणाली.

चिंतामणींचा चेहरा असा काही झाला की कुसुमला बघवेना. दोन्ही हातांनी त्यांनी त्या वाट्या उचलल्या आणि मागच्या दारानं बाहेर गेले. ओतल्याचा आवाज आला.

कुसुम लेकीशेजारी खुर्ची ओढून बसली. "एक सांगत्ये ते ऐक," ती म्हणाली. "माझ्याकडून ही खोड घेऊ नकोस. मनात नसलं तर नाही म्हणायचं, तोंडावर. मागच्या दारानं नाही आणि डोळे मिटूनही नाही. ऐकलंस?"

"हो," सुमेधा म्हणाली.

"हे हो नको. खरं हो."

सुमेधा हसली. मग रडली. मग म्हणाली, "आई, मला त्या वासाची इतकी घाण यायची की काय सांगू!" आणि एकदा बोलायला लागली ती थांबेचना. फेस कसा नाकाला लागायचा, चमचा कसा जड व्हायचा, रंग सांगताना मरणाची लाज कशी वाटायची, सगळं सांगितलं. कुसुमनं सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदा तिला स्वतःलाच ढवळलं, पण ती उठली नाही.

चिंतामणी आत आले तेव्हा त्यांच्या हातात तीन लिंबं होती, परसातल्या झाडाची. काट्यानं मनगट ओरबाडलेलं, त्यातून थोडं रक्त आलेलं. ते फळीकडे गेले, मग ओट्याकडे, मग पुन्हा फळीकडे. डबे हलवले, खाली वाकून बघितलं.

"विळी कुठे असते गो आपल्याकडे?" त्यांनी विचारलं.

चौतीस वर्षं ती विळी एकाच जागी होती. कुसुमच्या जिभेवर उत्तर आलं, पायही उठायला निघाले. तिनं ते परत जमिनीला टेकवले.

"शोधा," ती म्हणाली. "आणि हात धुवा आधी."